सॉफ्टवेअरचं भाडं बारमाही, आपली कमाई हंगामी : मराठवाड्यातल्या कलाकारांनो, अनुभव लिहा

परवा जालन्याचा एक मित्र घरी आला होता. लग्नपत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठं, सप्ताहाचे बॅनर, जे मिळेल ते काम करतो. चहा घेता घेता मोबाईल वाजला. बँकेचा मेसेज. डिझाईनच्या सॉफ्टवेअरचा महिन्याचा हप्ता खात्यातून गेला होता. आषाढ सुरू. लग्नतिथी संपलेल्या, गणपती अजून लांब, हातात एकही काम नाही. तो म्हणाला, "दुकानाचं भाडं देतो ते समजतं रे, पण कुंचल्याचंही भाडं द्यायचं?"

त्याचं ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा. मी स्वतः संभाजीनगरात चित्रं काढून पोट भरतो. २०१२ ची अ‍ॅडोबीची सीएस६ (फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरांचा संच) ही एकदा पैसे भरून कायमची घेता येणारी शेवटची आवृत्ती. २०१३ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की पुढच्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतील. आधीची किंमतही आपल्याला झेपणारी नव्हतीच. पण दोन हंगाम साठवून एकदा घेता येईल, निदान एवढी आशा होती.

कोणतं सॉफ्टवेअर वापरता, पैसे कसे उभे केले, कुठं अडलं, ते लिहा. चोरीची प्रत वापरली असेल तर तेही लिहा, नाव देऊ नका. कॉपीराइट अधिनियम १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे जाणूनबुजून अशी प्रत वापरणाऱ्याला किमान ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हे आपल्याकडं फार थोड्यांना ठाऊक आहे आणि ते सगळ्यांना कळायला हवं.

परभणी, फ्लेक्स आणि पत्रिका

दादा, विचारलंत म्हणून लिहितो. मला काम शिकवणाऱ्या मालकानं एक सीडी दिली होती. फोटोशॉप ७, कोरल, मराठी फाँट, सगळं त्यातच. ते चोरीचं असतं हे मला दोन वर्षं माहीत नव्हतं. सॉफ्टवेअर सीडीतून येतं, एवढंच ठाऊक.

मग एका वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी नव्या आवृत्तीचा क्रॅक (परवान्याचं कुलूप तोडणारी फाईल) टाकला. सकाळी शटर वर केलं, मशीन चालू केली, तर प्रत्येक फायलीच्या नावामागं भलतीच अक्षरं. एकही उघडेना. स्क्रीनवर इंग्रजीत चिठ्ठी, डॉलरमध्ये पैसे भरा म्हणून. मंडळांचे बॅनर गेले, सहा वर्षांच्या पत्रिका गेल्या. वडिलांचा एकच फोटो होता, जुन्या ओळखपत्रावरचा. तो मोठा करून, डाग काढून, रंग भरून मी दहाव्याला लावला होता. ती फाईलही त्यातच होती. मंडळांचं काम रात्री जागून पुन्हा केलं. फोटो मात्र तसा परत जमला नाही.

त्यानंतर चोरीचं बंद केलं. कोरलमध्ये एकदाच पैसे भरून घ्यायची सोय अजून आहे. दोन लग्नसराया पैसे बाजूला टाकले आणि घेतलं. महिन्याचं घेतलं नाही, कारण जून-जुलैत दुकानाचं लाईटबिलही निघत नाही.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. आमच्या धंद्यात पैसे फुटावर मिळतात. १० बाय ६ चा बॅनर म्हणजे ६० चौरस फूट. माझ्याकडं १२ रुपयांनी त्याचे ७२० होतात. त्यातून मशीनवाल्याचे, कापडाचे, लाकडी फ्रेमचे जातात. आणि डिझाईन? ते फुकट. गिऱ्हाईक स्टूल ओढून शेजारी बसतं. खाली शुभेच्छुकांची रांग असते, तीस-चाळीस चेहरे. एकेकाच्या डोक्यामागचं पडदे, भिंत, झाड कापायचं, सगळ्यांचा उजेड सारखा करायचा. तेवढ्यात फोन येतो, अजून दोघं राहिले. तीन तास जातात. त्या तीन तासांचा एक रुपया बिलात लागत नाही. ज्या कामाला मोलच नाही, त्याच्या हत्याराला पैसे आणायचे कुठून?

नांदेड, लग्नाचं मिक्सिंग

परभणीच्या भाऊंनी शेवटी लिहिलं ते शंभर टक्के खरं. आमच्यात अल्बमचे पैसे पानावर, मिक्सिंग म्हणजे व्हिडिओची जुळवाजुळव त्यातच धरलेली.

मी आधी एडियसवर काम करायचो, तेही कुणाचं तरी कॉपी केलेलं. आता डाविंची रिझॉल्व्ह. त्याची फुकट आवृत्ती धंद्यासाठीही चालते, अल्ट्रा एचडीपर्यंत ६० फ्रेमनं फाईल निघते. लग्नाला याच्यापेक्षा जास्त कुणाला लागतं? स्टुडिओ आवृत्ती २९५ डॉलरची, पण एकदाच. ती मी दुसऱ्या वर्षी घेतली. दोन गोष्टी आधीच समजून घ्या. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी त्याला दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं, माझा खरा खर्च तिथं झाला. आणि लिनक्सवर फुकट आवृत्ती कॅमेऱ्याच्या एच.२६४ फायली वाचत नाही. विंडोजच्या पैशातून सुटका होईल म्हणून तिकडं जाणार असाल तर आधी एक क्लिप टाकून बघा.

लातूर, मुलांच्या पुस्तकांची चित्रं

मी ताई म्हणून ओळखली जाते इथं, तसंच म्हणा. माझा अनुभव हप्त्यांचा.

एका मोठ्या कंपनीचं चित्रांचं सॉफ्टवेअर घेतलं. महिन्याचा आकडा बघितला, त्यावर १८ टक्के जीएसटी, तरी जमेल वाटलं. पुस्तकाचं काम तीन महिन्यांत संपलं. म्हटलं, आता बंद करू, पुढचं पुस्तक आलं की परत घेऊ. बंद करायला गेले तेव्हा कळलं, मी घेतलं होतं ते वर्षाचं बांधील, फक्त हप्ता महिन्याचा. मधेच सोडायचं तर उरलेल्या महिन्यांचे निम्मे पैसे द्या. बारीक अक्षरात लिहिलेलं असेलही, मी वाचलं नाही ही चूक माझी. पण त्या पुस्तकाच्या मानधनातला मोठा तुकडा तिथंच गेला. त्या रात्री मी घरात कुणाला सांगितलं नाही.

त्याच्याही आधी कार्डाची कथा. माझं खातं सहकारी बँकेत, ते कार्ड परदेशी व्यवहाराला चालेना. भावाचं वापरलं. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये आपोआप पैसे कापण्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम लागू झाले. नियम ग्राहकाच्या भल्याचे आहेत, पण तेव्हा परदेशी कंपन्यांचे हप्ते अडकले. ऐन कामात सॉफ्टवेअरनं "पैसे भरा" म्हणून पाटी दाखवली आणि चित्र अर्ध्यावर राहिलं.

आता क्रिता वापरते. चित्र काढणाऱ्यांनी चित्र काढणाऱ्यांसाठी बनवल्यासारखं आहे. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत काम करता येतं, त्यामुळं छापखान्यात हिरवा काळवंडत नाही. प्रकाशकाला पीएसडी (फोटोशॉपची फाईल) हवी असते, तीही देता येते. फुकट आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर तेच पैसे देऊनही मिळतं. मी मुद्दाम तिथून घेतलं, एकदाच. ज्यांनी माझी सुटका केली त्यांना द्यावेसे वाटले.

हिंगोली, बारावीनंतर

माझ्याकडं लॅपटॉप नाही. मोबाईलवर बोटानं काढतो. कॅनव्हावर ओळखीच्यांच्या वाढदिवसाच्या पोस्ट करतो, ५० रुपये मिळतात. लॅपटॉप घेतला तर आधी काय शिकू?

अंबाजोगाई, छपाईची जुळणी

या पोराला उत्तर खाली कुणी तरी द्याच. मी वयानं मोठा, माझं दुखणं अक्षरांचं.

पेजमेकरवर मी दिवाळी अंक, स्मरणिका, सोसायट्यांचे अहवाल लावले. पेजमेकरला युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी तशीच दिसायची पद्धत, कळतच नाही. त्यामुळं मराठीसाठी वेगळा फाँट, त्याचा वेगळा कळफलक, आणि काही फाँटना तर मशीनच्या पाठीमागं खोचायचं डोंगल, म्हणजे परवान्याची किल्लीच. डोंगल हरवलं की अंक अडला. २००१ च्या ७.० नंतर पेजमेकरची नवी आवृत्ती आली नाही. त्याच्या जागी आलेलं इनडिझाईन सीएस६ पर्यंत त्या फायली उघडायचं, पुढच्या आवृत्त्यांनी तेही सोडून दिलं. आमच्या गावात संतकवी दासोपंतांची पासोडी आहे, लांबलचक कापडावर लिहिलेली. चारशे वर्षांनंतर ती वाचता येते. माझी १९९८ ची स्मरणिका माझ्याच मशीनवर उघडत नाही. हे मला फार लागतं.

म्हणून नव्या लोकांना सांगतो, पैसे फुकट का विकत हे नंतर बघा, आधी देवनागरी तपासा. एकदाच पैसे भरून मिळणारं एक सॉफ्टवेअर मी मोठ्या हौसेनं घेतलं. त्यात "चि. सौ. कां." लिहिलं, "विवाह" लिहिलं, तर ऱ्हस्व वेलांटी व च्या उजवीकडं जाऊन बसली. "श्री" चे तीन तुकडे. पैसे वाया. कोणतंही सॉफ्टवेअर घेण्याआधी श्री, विवाह, कर्ता, दुर्वा, ट्रॅक्टर हे पाच शब्द टाका. फोटोशॉप आणि इनडिझाईनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सेटिंग चालू केली की जुळतं. इंकस्केप (रेखाटनाचं) आणि गिंप (फोटोचं) या मोफत सॉफ्टवेअरांत काही करावं लागत नाही. पानं लावायच्या मोफत स्क्रायबसमध्ये १.५.३ आवृत्तीपासून नीट येतं, आमचा मागचा अहवाल मी त्यातच लावला. फाँटसाठी आता डोंगल नको, चोरीही नको. एक टाइपचे मुक्त आणि बलू परवान्यासकट मोफत आहेत.

पैठण, विणकामाचे ग्राफ

माझं काम पुस्तकाचं नाही, कापडाचं. मागावर मोर किंवा मुनिया उतरवायची तर आधी ग्राफ लागतो. वडील चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं घर-घर भरायचे. एका मोराला दोन-तीन दिवस. मान वळते तिथं एक घर चुकलं की कापडावर ती मोडल्यासारखी दिसते. विणकामाची खास सॉफ्टवेअरं आहेत, पण त्यांच्या किमती गिरणीवाल्यांच्या हिशोबानं.

मी गिंपवर करतो. एक पिक्सेल म्हणजे एक घर. ब्रश घ्यायचा नाही, पेन्सिल घ्यायची. ब्रशनं कडेला फिकट रंग सांडतो आणि तसा धागा कुठं असतो? इंडेक्स्ड रंगांत सहा रंग ठरवून दिले की सातवा येतच नाही. वडिलांनी पहिला छापील ग्राफ हातात घेतला, भिंगानं मानेची घरं मोजली आणि न बोलता मागावर बसले.

धाराशिव, आवाजाचं काम

थोडक्यात सांगतो. आराधी गाणी, गोंधळ, पोवाडे ध्वनिमुद्रित करतो. रीपर वापरतो. ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतं, मग लहान धंद्याला ६० डॉलरचा परवाना. वर्षाची कमाई २० हजार डॉलरच्या आत हवी, आमची ती मर्यादा ओलांडायची भीती नाही. संबळाचे दोन भांड्यांचे दोन आवाज वेगळे घ्यायला चांगला माईक महत्त्वाचा, पैसे तिकडं लावा.

संभाजीनगर, कलाशिक्षक

हिंगोलीच्या मुला, तुझ्यासाठी लिहितोय. लॅपटॉप आला की आधी क्रिता आणि इंकस्केप टाक, अक्षरं इंकस्केपमध्ये कर. ऑक्टोबर २०२५ पासून डिझाईनचं अ‍ॅफिनिटीही मोफत झालंय, कॅनव्हाचं खातं लागतं आणि ते तुझ्याकडं आहेच. पण अंबाजोगाईच्या काकांचे पाच शब्द तिथंही टाकून बघ.

मला एक कबूल करायचंय. आम्ही शिक्षक वर्षानुवर्षं एकच महागडं सॉफ्टवेअर शिकवत आलो. शिकत असताना सवलत असते, पदवी हातात आली की सवलत संपते आणि पोरगं गावी जाऊन क्रॅक शोधतं. त्याला त्या वाटेला आम्हीच लावलं. गेल्या चार वर्षांपासून मी अ‍ॅनिमेशनचं मोफत ब्लेंडर शिकवतो. २००२ मध्ये टॉन रोझेनडाल यांनी लोकांकडून सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून ते सगळ्यांसाठी खुलं केलं. २०२५ मध्ये ऑस्कर मिळवणारा लात्वियाचा "फ्लो" हा अ‍ॅनिमेशनपट त्यावरच बनला. हे सांगितलं की माझ्या वर्गातली कन्नड, सिल्लोड तालुक्यांतली पोरं ताठ बसतात.

परभणीकर, एक विचारतो. डिझाईनचे पैसे वेगळे लावून बघितलेत का कधी?

परभणी, फ्लेक्स आणि पत्रिका

सर, तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस गप्प होतो. काल स्वतःच्याच दुकानासाठी पाटी केली. "डिझाईनचे २०० रुपये वेगळे." काउंटरच्या वर लावली. पहिला आला, वाचून समोरच्या दुकानात गेला. दुसरा ओळखीचा, तोही हसून गेला, मला वाईट वाटलं. तिसरे एक गुरुजी, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. म्हणाले, दोनशे कशाचे बाबा? मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली आणि म्हटलं, बसा, दाखवतो. त्यांच्यासमोर गणपती काढला, वेलबुट्टी बसवली, मुलीचं नाव तीन प्रकारच्या अक्षरांत लिहून दाखवलं. पाऊण तास बसले. जाताना त्यांनी दोनशे आधी ठेवले, छपाईचे नंतर.