किल्लारीचं खापर माळवदावर किती दिवस फोडायचं?

औसेकर: गेल्या महिन्यात गावाकडचं आमचं माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर असलेलं जुनं घर, पाडलं. धाकट्या भावाचं एकच पालुपद, "किल्लारी विसरलास का?" कसा विसरेन? ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६ चा भूकंप. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं गाढ झोपलेली. पण आत लाकडी खण (खांब-तुळयांचा सांगाडा) असलेल्या कितीतरी घरांत भिंती ढासळल्या आणि खांब-तुळया जागच्या जागी राहिल्या. मग दोष माळवदाचा की भिंत रचणाऱ्याचा?

स्लॅबच बरा: खांब राहिले हो, भिंतीखाली गेलेल्याचं काय? अडीच फुटी भिंत म्हणजे बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये माती आणि चुरा. दोन्ही पदरांना एकमेकांचा पत्ता नाही. वर छपरावर वर्षानुवर्षं पांढरी माती टाकून चढवलेलं ओझं. छप्पर जेवढं जड, तेवढा हादऱ्याचा जोर जास्त. तिथं झोपायला तुम्ही जाणार का?

औसेकर: जाईन, नीट बांधलं असेल तर. दर चार फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घाला, दारा-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना सलग पट्टा फिरवा, माती उतरवून छप्पर हलकं करा. भूकंपानंतर मजबुतीकरणात हेच सांगत होते. ऐकलं कुणी?

साइटवरचा: स्लॅबवाल्यांनी २००१ चा भूजचा भूकंप आठवावा. अहमदाबाद केंद्रापासून २०० किलोमीटरच्या पलीकडे, तरी सिमेंटच्या बहुमजली इमारती बसल्या. बऱ्याच ठिकाणी खाली पार्किंगसाठी नुसते कॉलम आणि वर सगळ्या भिंती. परवाच एका बंगल्यावर गेलो होतो. कॉलमच्या उभ्या सळयांना बांधणाऱ्या रिंगांचे हूक ९० अंशांत दुमडलेले. ते १३५ अंशांत आत वळवून गाभ्यात रुतायला हवेत, नाहीतर वरचं काँक्रीट उडालं की रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. फिटर म्हणतो, "साहेब, हात दुखतो."

स्लॅबच बरा: मान्य. पण फिटरला दम देऊन रिंग वळवून घेता येते. आरपार दगड बसवणारा गवंडी आज तालुक्यात एक तरी दाखवा! शिवाय तेव्हा लातूर भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. २००२ च्या नकाशात तिसऱ्या, जास्त धोक्याच्या पट्ट्यात गेलं. घर जुन्या नकाशाच्या भरवशावर आणि माणूस आजच्या जमिनीवर, असं कसं चालेल?

औसेकर: गवंड्याचं खरं आहे. आमच्याकडे एक म्हातारा होता, त्याची पोरं पुण्यात टाइल्स बसवतात. असो. भावाचं नव्या घराचं काम चालू आहे, उद्या जाऊन रिंगा बघतो.

साइटवरचा: कॉलममध्ये काँक्रीट भरलंय का? भरले असतील तर बघणार काय?

औसेकर: आत्ताच फोन केला. आठातले सहा भरलेत.

साइटवरचा: मग उद्या नको, आजच निघा.