‘बेल’ : डोळे आणि कान तृप्त होतात, मग कथा का निसटते?

काजळवाट :
मामोरू होसोदा यांचा ‘बेल’ हा २०२१ सालचा जपानी ॲनिमेशनपट मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा माझी अवस्था सारखीच झाली. ध्वनिक्षेपकांनी मढलेल्या महाकाय देवमाशावर उभी राहून नायिका पहिले गाणे गाते तेव्हा अंगावर काटा येतो, आणि अखेरीस ती आपला खरा चेहरा उघड करून गाते तेव्हा डोळे भरून येतात. परंतु चित्रपट न पाहिलेल्या बहिणीला मी कथा सांगू लागले, तेव्हा दर दोन वाक्यांनंतर तिच्या ‘पण का?’ या प्रश्नापाशी अडखळले.

शिकोकू बेटावरील कोची भागातल्या खेड्यात राहणाऱ्या सतरा वर्षांच्या सुझूची आई पुरात अडकलेल्या एका परक्या लेकराला वाचवताना गेली, आणि तेव्हापासून सुझूचा गळा मिटला. ‘यू’ या आभासी जगात मात्र ती ‘बेल’ या रूपाने गाऊ शकते आणि पाहता पाहता तिथल्या पाच अब्ज सदस्यांमध्ये गाजते. इथवर सारे नितळ आहे. पुढे सर्वांनी वाळीत टाकलेल्या, पाठीवर वळ असलेल्या ‘राक्षसा’कडे ती का ओढली जाते, आणि घरातील मारहाणीसारखा गंभीर विषय इतक्या उशिरा येऊन इतक्या घाईने का मिटतो, हे मला समजले नाही. माझ्या पाहण्यात काही निसटले की पटकथाच तोकडी आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. चर्चेत शेवट उघड होणार आहे, याची इतर वाचकांनी नोंद घ्यावी.

चित्रकथी :
आपल्या पाहण्यात उणीव नाही. मी ॲनिमेशनसाठी पार्श्वभूमी रंगवण्याचे काम करतो, म्हणून आधी माझ्या हद्दीतले सांगतो. खेड्यातले जग हाताने रेखाटलेले आहे आणि ‘यू’ संगणकावर त्रिमितीत उभारलेले आहे, त्यामुळे सुझू कोणत्या जगात आहे हे रेषेवरूनच कळते. ‘यू’ची रचना लंडनच्या एरिक वाँग या वास्तुरचनाकाराने केली, बेलचे रूप डिस्नेमध्ये अनेक वर्षे काम केलेल्या जिन किम यांनी घडवले, आणि काही पार्श्वभूमींना आयर्लंडच्या कार्टून सलूनमधील कलावंतांचा हात लागला. इतक्या वेगवेगळ्या हातांचे काम एकत्र नांदते आणि कुठेही ठिगळ दिसत नाही, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

पटकथेला मात्र असे दुसरे हात लाभले नाहीत. होसोदा यांच्या २००६, २००९ आणि २०१२ सालच्या चित्रपटांच्या लेखनात सातोको ओकुदेरा होत्या. २०१८ सालचा चित्रपट आणि ‘बेल’ हे दोन्ही होसोदा यांनी एकट्याने लिहिले. आपल्या बहिणीसारखे ‘पण का?’ विचारणारे कोणीतरी समोर बसायला हवे होते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. राक्षसाच्या वाड्यातला भाग पाहा. सुंदरी आणि राक्षसाची जुनी युरोपीय परीकथा आपल्याला आधीच ठाऊक आहे, आणि त्या ओळखीच्या भरवशावर चित्रपट दोघांना थेट नृत्यापर्यंत नेतो. त्यांच्यात जवळीक का निर्माण व्हावी याचे कारण तो स्वतः घडवत नाही.

त्यातही खंत अशी, की होसोदा यांना कथा सांगता येत नाही असे मुळीच नाही. रेल्वे स्थानकावर सुझूची वर्गमैत्रीण रुका हिचे गुपित फुटते तो प्रसंग पुन्हा पाहावा. चौकट जागची हलत नाही. पात्रे तिच्याबाहेर पळतात, परत येतात, अवघडून उभी राहतात, आणि तेवढ्यातच प्रत्येकाचा स्वभाव कळतो. तिथे ना देवमासा आहे, ना रोषणाई.

तिसरी घंटा :
चित्रकथी यांच्या अनुभवाचा आदर राखून मी थोडा मतभेद नोंदवते. गाणी बाजूला काढून ही कथा तपासली तर ती तोकडीच दिसणार, कारण तिचे काही महत्त्वाचे दुवे गाण्यातच ठेवलेले आहेत. वाड्यात बेल जे गाणे केवळ त्या राक्षसासाठी गाते, तीच धून पुढे एका अनोळखी लहान मुलाच्या तोंडून ऐकू येते, आणि त्यावरून सुझूला राक्षसामागचा खरा माणूस सापडतो. शाकुंतलात जे काम अंगठी करते, ते इथे चाल करते. सुझूचे बोलणे आणि बेलचे गाणे हे दोन्ही काहो नाकामुरा यांच्याच आवाजात आहे, त्यामुळे शेवटच्या गाण्यात बेलचे रूप गळून पडते तेव्हा आपण नवा आवाज ऐकत नाही, तर दोन तास ऐकलेला आवाज प्रथमच त्याच्या मालकिणीच्या चेहऱ्यासह ऐकतो.

शिवाय आईचा धागा मला पूर्ण झालेला वाटतो. स्वतःच्या लेकीला काठावर सोडून आई परक्या मुलासाठी पाण्यात का उतरली, हे सुझूला कधीच उमगले नव्हते. परक्या मुलांसाठी ती स्वतः सर्वस्व पणाला लावते तेव्हा ते तिला उमगते. प्रेमकथेचा भास देणारा मधला भाग कच्चा आहे, हे मात्र मला मान्य आहे.

मोगरा_७१ :
मी अनेक वर्षे मुलांचे समुपदेशन करते आणि याच चित्रपटातील एका प्रसंगाने मला हलवून सोडले. सुझू मदत करू इच्छिते तेव्हा त्या लहान मुलाचा मोठा भाऊ केई, म्हणजेच राक्षसामागचा खरा मुलगा, ‘मदत’ हाच शब्द संतापाने पुन्हा पुन्हा तिच्या अंगावर फेकतो. मोठ्यांनी वारंवार शब्द देऊन पाळला नाही की मुले अशीच बोलतात, आणि इतके खरे लेखन मी क्वचित पाहिले आहे. म्हणूनच पुढचा भाग मला अधिक लागला. जाणती माणसे सोबत असूनही सुझूला एकटीला त्या दूरच्या शहरात पाठवले जाते, आणि त्या भावांना मारणारा बाप तिच्या निश्चल नजरेसमोर गळून मागे हटतो. अशी घरे मी पाहिली आहेत; तिथे नजरेने काहीही मिटत नाही. त्या रात्री ती दोन मुले कोणाच्या छपराखाली झोपली, हे चित्रपटाने सांगायला हवे होते.

काजळवाट :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपली उत्तरे वाचून मी मधला भाग पुन्हा पाहिला. ती भावंडे आणि त्यांचे वडील एका चित्रफितीत आधीच ओझरते दिसून जातात, हे मला दोन्ही वेळा कळले नव्हते. म्हणजे बीज पेरलेले आहे, परंतु त्याच्या वाट्याला काही क्षण आले आणि वाड्यातल्या नृत्याला ऐसपैस जागा मिळाली. ‘तिसरी घंटा’ यांनी दाखवलेली धूनही आता नीट ऐकली आणि बहिणीच्या निम्म्या प्रश्नांना उत्तरे देता आली. मोगरा यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी शेवटच्या दृश्यापर्यंत शोधले, आणि ते मला सापडले नाही.