‘स्वकष्टार्जित’: यातले कष्ट कोणाचे?

डिचोली

मी गोव्यातल्या डिचोलीची. मराठी डीटीपी, मुद्रितशोधन, कधी एखाद्या खरेदीखताचा मराठी सारांश, हे माझं पोटापाण्याचं काम. परवा एका सत्काराचं मानपत्र जुळवायला आलं. आमच्या भागातले ज्येष्ठ व्यावसायिक आहेत, माणूस सज्जन, गावाच्या अडीअडचणीला धावणारे. मजकुरात एक वाक्य होतं: ‘त्यांची सारी संपत्ती स्वकष्टार्जित आहे.’ व्याकरणाने त्यात काही चूक नाही. तरी माझा हात तिथे अडला आणि दोन दिवस अडलेलाच आहे.

शब्द सोडवून बघितला. स्व, कष्ट, अर्जित. ‘अर्ज्’ म्हणजे मिळवणे. सरकारी नोकरांची ‘अर्जित रजा’ यातलीच. इतके दिवस काम केलं की इतकी रजा पदरात, हिशेब चोख. ‘कष्ट’ मात्र संस्कृतात काम नव्हे, पीडा. ‘मन कष्टी झालं’ म्हणतो तेव्हा तो जुना अर्थ अजून बोलतो. ‘श्रम’चंही तेच. मूळ धातू थकण्याचा, म्हणून काम संपल्यावर श्रमपरिहार. ‘मेहनत’ अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आली, तिथे ‘मिह्नत’ म्हणजे कसोटी, संकट. कामाने देहाचं काय होतं ते हे तिन्ही शब्द सांगतात. पदरात काय पडतं हे एकही सांगत नाही.

आता पैशाच्या बाजूचे शब्द घ्या. ‘धनी’ म्हणजे पैसेवाला आणि धनी म्हणजे मालकही. होडीचा धनी वेगळा, वल्हं मारणारा वेगळा. ‘मिळकत’ म्हणजे उत्पन्न, आणि मिळकत म्हणजे घर-जमीनही. ‘भांडवल’मधलं भांड म्हणजे व्यापाऱ्याचा माल. यातला एकही शब्द कामातून आलेला नाही, सगळे मालकीतून आलेले.

मग या दोन गोष्टी एका समासात बसवणारा ‘स्वकष्टार्जित’ नेमकं काय सांगतो?

विचारायला कारण आहे. माझी आई एकवीस वर्षं काजू फॅक्टरीत शेलिंगला होती. पायाने लिव्हर दाबायचा, हाताने बी धरायची, टरफल फुटलं की गर सोडवायचा. मोबदला किलोवर, आणि अख्ख्या गराला एक भाव, तुकड्याला दुसरा. टरफलाच्या तेलाने कातडी जळते, म्हणून बायका सकाळी बोटांना एरंडेल चोळून बसत. पुढे ओळखपत्रासाठी तिला घेऊन गेले तेव्हा मशीनला तिचे ठसेच सापडेनात. बोटं धुतली, पुसली, पुन्हा ठेवली. अंगठा, तर्जनी, काही नाही. रांगेतली माणसं थांबली होती आणि आई माझ्याकडे बघत होती, तिची काही चूक झाल्यासारखी. तिच्या नावावर आज काही मिळकत नाही. तिच्या बाबतीत हा शब्द वापरायची वेळच आली नाही.

जाणकारांनी सांगावं.

म्हापसा

ताई, कोर्टकचेरीतला अर्थ आधी वेगळा काढू. तिथे ‘स्वकष्टार्जित’मधले कष्ट कोणी मोजत नाही. वडिलोपार्जित नाही ती स्वकष्टार्जित, एवढाच त्याचा उपयोग. प्लॉट दहा वर्षं नुसता पडून राहिला, भाव वाढला, विकला आणि त्या पैशात दुसरा घेतला, तरी तो दुसराही स्वकष्टार्जितच. महाराष्ट्रात या शब्दाला फार वजन आहे, कारण हिंदू माणूस आपली स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्राने हवी त्याला देऊ शकतो. आपल्या गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेची चौकट चालत आली आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र, प्रत्येकाचा अर्धा वाटा. माहेरून-सासरहून वारसाने आलेलंही त्यातच. आणि आपल्या वाट्याचा अर्धा भाग मुलांसाठी राखीव, तो मृत्युपत्राने दुसऱ्या कोणाला देता येत नाही. म्हणजे इथला कायदा ‘स्व’ कोण हे विचारतच नाही. चूल सांभाळणारी बाईही अर्ध्याची मालकीण, कष्टाचा दाखला न देता. मला या कायद्याचा हा भाग फार मोठा वाटतो.

जाता जाता: ‘वडिलोपार्जित’ हा शब्द बघा. ‘वडील’ मराठी, ‘उपार्जित’ संस्कृत, आणि दोघांचा चक्क गुणसंधी. शास्त्री नाक मुरडतील, पण सातबाऱ्याच्या भाषेत तो पक्का बसलाय.

फोंडा

कष्टाचा विषय निघाला की ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ ही ओळ फळ्यावर येतेच. मी शिक्षक होतो, मीही लिहायचो. वामन पंडितांच्या त्या श्लोकातल्या पुढच्या ओळी मुलांना सांगितल्याच जात नाहीत. मृगजळ पिऊन तहान भागेल, रानात हिंडून सशाचं शिंगही सापडेल, पण मूर्खाचं मन वळणार नाही. भर्तृहरीने तेल मुद्दाम अशक्य गोष्टींच्या रांगेत ठेवलं होतं. आम्ही पहिली ओळ तोडली आणि गरिबाच्या पोराला सांगितली, की रगड, निघेल. नाही निघालं तर त्याला वाटतं आपलंच रगडणं कमी पडलं. त्याचं मला आता वाईट वाटतं.

पर्वरी

मला हे सगळं पटत नाही, आणि रागाने लिहीत नाही. मी रस-आमलेटचा, म्हणजे रश्शातल्या आमलेटचा गाडा लावायचो. संध्याकाळी सहाला स्टोव्ह पेटला की रात्री दीडला विझायचा, पहाटे परत नारळ, कोथिंबीर, पदेराकडून पाव. पावसात ताडपत्रीखाली गुडघाभर पाण्यात उभा राहिलोय. आज माझं छोटं रेस्टॉरंट आहे, जागा माझी आहे, वडिलांनी मला एक रुपया दिलेला नाही. ती जागा स्वकष्टार्जित नाही असं कोणी म्हटलं तर मला लागेल. उद्या माझ्या मुलाला कष्टाने काही होत नाही असं शिकवू का?

डिचोली

भाई, तुमच्या जागेला मी तो शब्द आनंदाने लावीन. तुमचे कष्ट शब्दात बसतात, आणि जागाही. मला एवढंच सांगा, गाड्यावर तुमच्याबरोबर आणखी कोणी होतं का?

पर्वरी

होता. बशा धुणारा एक पोरगा, बेळगावकडचा. माझ्याइतकंच जागायचा, थंडीत हात तर त्याचेच पाण्यात असायचे. सहा वर्षं होता. आता कुठल्या तरी हॉटेलात तेच काम करतो असं ऐकलं. गाडा माझ्या नावावर होता, ताई. रस्ता रुंद झाला तेव्हा माझी जागा कोपऱ्यावर आली, तिथून माझे दिवस पालटले. हे मी आजवर असं मांडून बघितलं नव्हतं.

कुडचडे

आमच्याकडची गोष्ट उलटी आहे. भावाने खाणीवर लावायला टिप्पर घेतला, बँकेच्या कर्जावर. पहाटे चारला रांगेत, दिवसाला जितक्या ट्रिपा मिळतील तितक्या, तोंडावर तांबडी धूळ घेऊनच जेवायला यायचा. सप्टेंबर २०१२मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने. २०१४मध्ये न्यायालयाने बंदी उठवली, काही काळाने थोडं सुरू झालं, तोवर फेब्रुवारी २०१८च्या निकालाने ८८ लीज रद्द झाले आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. निकाल चुकीचा होता असं मी म्हणत नाही. आमच्या विहिरींचं काय झालं ते आम्हीच बघितलंय. पण भावाने त्या वर्षांत कष्ट कमी केले नव्हते. ट्रक अंगणात उभा, आरसी बुकावर बँकेचा बोजा, टायरांत गवत. तो ट्रक स्वकष्टार्जित म्हणायचा का? कष्ट त्याचे, मालकी बँकेची, आणि खनिजाचा भाव ठरणार चीनमधल्या पोलादाच्या मागणीवर.

खाणमालकांना काहीच झळ लागली नाही असं नाही. पण ते थांबू शकले. आम्हाला महिन्याच्या पाच तारखेला हप्ता होता.

मडगाव

कुडचड्याच्या बाईंनी जे शेवटी लिहिलं ते अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथने १७७६मध्ये लिहून ठेवलं आहे. मालक आणि मजुरात ताणाताणी झाली तर मालक साठवलेल्यावर वर्ष-दोन वर्षं काढू शकतो, पुष्कळ मजुरांना एक आठवडाही निघत नाही. बाजारावर भरवसा ठेवणाऱ्या माणसाचं हे निरीक्षण आहे, म्हणून मला ते जास्त मोलाचं वाटतं.

मूळ प्रश्नाकडे येतो. ‘स्वकष्टार्जित’ची कल्पना तत्त्वज्ञानात ज्याने ठळक मांडली तो जॉन लॉक, सतराव्या शतकाच्या अखेरीचा. माणूस निसर्गातल्या वस्तूत आपले श्रम मिसळतो म्हणून ती त्याची होते, असा त्याचा युक्तिवाद. पण उदाहरणं वाचा. माझ्या घोड्याने खाल्लेलं गवत, माझ्या नोकराने कापलेली हिरवळीची ढेकळं आणि मी खणलेलं खनिज, हे सगळं माझं. नोकराने कापलेलं माझं! ‘स्व’मध्ये घोडा आणि नोकर दोघेही जाऊन बसले, आणि तेही एका दमात. ताई, तुमचा हात मानपत्रावर अडला तो नेमका इथेच.

मजुराने निर्माण केलेलं मूल्य आणि त्याला मिळालेली मजुरी यांतल्या फरकाला मार्क्सच्या मराठी अनुवादांत ‘वरकड मूल्य’ म्हणतात. मजुराला मजुरी देऊन वर उरतं ते वरकड. शब्द आपल्या शेतकऱ्याच्या तोंडचा, म्हणून चटकन कळतो.

शिवोली

मी कोंकणीच्या अंगाने दोन शब्द ठेवते.

आमच्याकडे माडाची सूर, म्हणजे माडी, काढतो तो रेंदेर. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, दिवसातून तीनदा माडावर. कमरेला काती, पाऊस असो की ऊन. असे किती माड ते विचारूच नका. एवढं चढणाऱ्या माणसाचं नाव चढण्यावरून पडायला हवं होतं. पण ते पोर्तुगीज ‘रेंदेइरु’वरून आलं, म्हणजे खंडाने घेणारा, भाडं भरणारा. त्याचे पाय कोणी बघितले नाहीत, त्याने भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला, काय द्यायचं ते बघितलं. आणि कोमुनिदाद म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था. तिचा झोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, घ्यायला गावकाराचं, म्हणजे तिच्या सदस्याचं, नाव वहीत लागतं, ते येतं जन्माने. शेतात उतरला होता का, हे तिथे कोणी विचारत नाही.

पण एक चांगला शब्दही आहे. पैसे कमावण्याला आम्ही ‘जोडप’ म्हणतो, कमाईला ‘जोड’. मराठीत तो तुकोबांच्या ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारें’मध्ये आहे. नंतर मराठी बोलण्यातून मागे पडला, गोव्यात रोज चालतो. यात कष्टाचा दावा नाही, नशिबाचाही नाही. इकडून तिकडून आणून सांधलं, एवढंच.

डिचोली

शिवोलीच्या बाय, ‘जोड’साठी तुमची ऋणी आहे. सगळ्यांचं दोनदा वाचलं.

माझं मत आता असं आहे. ‘कष्टाने श्रीमंत झाला’ हे वाक्य एखाद्यापुरतं खरं असू शकतं, पर्वरीच्या भाईंसारखं. पण आपण ते उलटं फिरवतो तेव्हा घात होतो. श्रीमंत झाला म्हणजे कष्टाळू असणार, गरीब राहिला म्हणजे अंग चोरलं असणार. शब्दाने एवढं बोलायची परवानगी कधीच दिलेली नव्हती. माझ्या आईच्या बोटांवरून पुसलेल्या रेषा हे ‘कष्ट’ या शब्दाचं पूर्ण, शब्दशः उदाहरण आहे. त्यात ‘अर्जित’ तेवढं नाही, कारण फॅक्टरी तिची नव्हती, बी तिचं नव्हतं, किलोचा भावही तिने ठरवलेला नव्हता.

कष्ट आणि मालकी एकमेकांना खरोखर जोडली गेली असा प्रसंग मी आमच्याच घरात पाहिलाय, आणि तो बाजाराने घडवला नव्हता. आजोबा भाटकाराच्या शेताचे कूळ होते. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आपण लहानपणापासून ऐकतो. तिची रचना बघा. ‘कसेल’ हे क्रियापद आधी, ‘जमीन’ मागाहून. १९६४च्या कूळ कायद्यात १९७६मध्ये पाचवी दुरुस्ती झाली, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, आणि शेत कसणारं कूळ त्याचं मालक मानलं जाऊ लागलं. त्याआधीच्या वर्षी मुंडकारांना, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना, घरातून काढण्याविरुद्ध संरक्षण मिळालं होतं. मामलेदाराकडचे दावे वर्षानुवर्षं पडून राहिले, आजोबांचाही राहिला, सनद हातात पडली ती वडिलांच्या. पण पडली. अर्ध्या पायलीचं शेत असेल, त्याला आमच्या घरात कोणी ‘वडिलोपार्जित’ म्हणत नाही. आजी म्हणायची, ‘हें आमी कशिल्लें’, आम्ही कसलेलं. ‘स्वकष्टार्जित’ला याहून नेमका प्रतिशब्द मला सापडत नाही.

मराठीत कष्टाला आणि मिळण्याला खरोखर एकत्र धरणारं क्रियापद ‘कमावणे’. कातडं कमावतात, शरीर कमावतात, गळा कमावतात. ज्याच्यावर काम केलं ते बदलतं, आणि काम करणाराही. ‘कमाई’ म्हणताना मला तो अर्थ ऐकू येतो. ती महिन्याच्या पगारापुरती वापरली तरी चालेल, पण भाव वाढलेल्या प्लॉटला लावू नये.

राहिलं मानपत्र. सत्कारमूर्तींना फोन केला, म्हटलं, काका, एक वाक्य बदलायचं आहे. त्यांनी विचारलं, का? मी जमेल तसं सांगितलं. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पहिल्या ट्रकावर क्लीनर होता, त्याचं नाव घालता येईल का बघ.’ नाव घातलं आहे. वाक्य आता असं जातंय: ‘स्वतःच्या हिकमतीने आणि सोबत्यांच्या कष्टाने त्यांनी हे सारे जोडले.’ ‘हिकमत’ अरबी, मूळ अर्थ शहाणपण, मराठीत युक्ती आणि धडाडी दोन्ही. धंदा उभारणाऱ्या माणसाला हा शब्द शोभतो असं मला वाटतं.

एक अडचण उरली. ‘सोबत्यांच्या’ मला पातळ वाटतं. ‘कामगारांच्या’ लिहिलं तर ट्रकवरची माणसं त्यात बसत नाहीत, ‘नोकरांच्या’ तर मी लिहिणार नाही. कोंकणीत काम करणाऱ्याला ‘वावराडी’ हा सुंदर शब्द आहे, पण मराठीत ‘वावर’ म्हटलं की विदर्भ-खानदेशच्या वाचकाला शेत दिसतं. मजकूर सोमवारी छापायला जायचा आहे, तोवर कोणाला सुचलं तर कळवा.

कुडचडे

‘राबणाऱ्यांच्या’ लिहा, ताई. आमच्याकडे सगळ्यांना कळेल.