मेंबरची जागा रिकामी असताना दिलेलं एएआर रूलिंग चालतं का?

घणसोलीकर:
नमस्कार मंडळी, मी महापेला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, आमच्या परदेशी पेरेंट कंपनीने 2016 ला इन्कम टॅक्सच्या एएआरकडून (अथॉरिटी फॉर ॲडव्हान्स रूलिंग्ज, व्यवहारावर टॅक्स लागतो का हे आधीच ठरवून देणारी) रूलिंग घेतलेलं, इथून जी सपोर्ट फी जाते त्यावर टॅक्स लागतो का यावर. आता नवीन ऑडिटर म्हणतात तेव्हा अथॉरिटीत एक पद रिकामं होतं, सबब रूलिंग कच्चं. साहेब माझ्याकडे असं बघतायत जणू मेंबर मीच नेमायचो. खरंच असं असतं का?

वाशी_सीए:
त्यांना 1961 च्या इन्कम टॅक्स कायद्याचं कलम 245पी वाचायला द्या. केवळ जागा रिकामी होती किंवा अथॉरिटीच्या रचनेत दोष होता एवढ्यावरून रूलिंगला आव्हान देता येत नाही. विषय संपला.

कोर्टनाका:
संपला कसा? त्या 'केवळ'मध्येच सगळी गंमत आहे. तेव्हा बेंच म्हणजे चेअरमन किंवा व्हाईस-चेअरमन, एक रेव्हेन्यू मेंबर, एक लॉ मेंबर. अथॉरिटीत एखादी खुर्ची रिकामी असणं वेगळं आणि मुळात बेंचच अपुरा असणं वेगळं, 245पी म्हणजे काय सगळ्यावर टाकायची ताडपत्री नाही. नंतर तर चेअरमन, व्हाईस-चेअरमन दोन्ही नाहीत म्हणून कामच अडलं, मग 2021 च्या बजेटमध्ये एएआर मोडीत काढून 1 सप्टेंबरपासून दोन मेंबरांचं बोर्ड आणलं. कलमाने सगळं निभावलं असतं तर ही वेळ आली असती का? ऑर्डरवर सह्या कोणाच्या आहेत ते बघा आधी.

कोपरी_ईस्ट:
आमच्या सोसायटीत एकाने कमिटीत दोन जागा रिकाम्या म्हणून मेंटेनन्स भरणं बंद केलेलं 😂 कोरम होता ना, व्याजासकट भरला गपचूप

घणसोलीकर:
फाईल काढली, तिघांच्याही सह्या आहेत. रिकामं होतं ते व्हाईस-चेअरमनचं पद. थँक्यू, जीव भांड्यात पडला

वाशी_सीए:
बरं, ॲग्रीमेंट अजून तेच आहे ना? कारण 245एस प्रमाणे ते रूलिंग अर्जदारावर आणि त्याच व्यवहारापुरतं बंधनकारक, कायदा किंवा फॅक्ट्स बदलल्या की नाही.

घणसोलीकर:
2019 ला रिन्यू केलं. त्यात ट्रेनिंग पण घातलंय.

कोर्टनाका:
मग ऑडिटरला खुर्च्या मोजायच्या सोडून हे बघायला सांगा. की नका सांगू, आधी साहेबांना सांगा