मॅचला उशिरा आला म्हणून स्ट्रायकर बेंचवर : सरांचं बरोबर की चूक?

सेंटरहाफ_सोलापूर

मंडळी, गेल्या रविवारी आपल्या इथल्या एका शालेय फुटबॉल मॅचला जे झालं त्यावरून आमच्यात सरळ दोन तट पडलेत, म्हणून इथे मांडतोय. सातला ग्राऊंडवर हजर, हा सरांचा नियम. टीमचा सगळ्यात चांगला स्ट्रायकर उगवला तेव्हा मॅच सुरू व्हायला दहा मिनिटं उरली होती. सरांनी त्याला पहिल्या हाफमध्ये उतरवलं नाही. टीम एका गोलने मागे पडली, तरी नाही. हाफटाइमला मुलाचे मामा थेट टचलाइनवर आले, सरांशी भांडले आणि पोराला गाडीवर बसवून घेऊन गेले. मॅच गेली.

माझं मत : सरांचं बरोबर. ३१ डिसेंबर २०२२ ची मँचेस्टर युनायटेडची वुल्व्हजविरुद्धची मॅच आठवा. युनायटेडचा फॉरवर्ड रॅशफर्ड तेव्हा जोरात होता. सकाळी झोप लागून राहिली, टीम मीटिंगला उशीर झाला. कोच टेन हागने त्याला बेंचवर बसवलं. दुसऱ्या हाफला उतरवलं आणि मॅचमधला एकमेव गोल त्यानेच मारला. मॅचनंतर रॅशफर्ड म्हणाला की खेळायला मिळालं नाही याचं वाईट वाटलं, पण निर्णय समजतो. नियम मोडला, शिक्षा झाली, विषय संपला. त्याच्या घरचं कुणी मैदानात आलं नाही.

आणि एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये. बाकीची पोरं सातला आली होती. त्यातले दोघे अक्कलकोट रोडवरनं सायकल मारत येतात. त्या स्ट्रायकरच्या जागी जो खेळला तो पोरगा कित्येक मॅच नुसता पाण्याच्या बाटल्या उचलत होता. त्याला त्या दिवशी पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळायला मिळालं. नियम वाकवला असता तर याच पोरांचा हक्क मारला गेला असता.

लाल_सैतान

पूर्ण सहमत. युनायटेडचा जुना मॅनेजर फर्ग्युसन, त्याने कुणाची भीड ठेवली नाही. डिफेंडर स्टामचं आत्मचरित्र आलं आणि २००१ मध्ये तो इटलीच्या लाझिओला गेला. २००३ ला बेकहॅम. २००५ ला रॉय कीन, तोही कॅप्टन, क्लबच्याच चॅनेलवर सहकाऱ्यांबद्दल वाट्टेल ते बोलला म्हणून. २००६ ला व्हॅन निस्टलरॉय. चौघे गेले, आणि युनायटेडने २००७, २००८, २००९ अशी सलग तीन वर्षं लीग जिंकली. वर २००८ ची चॅम्पियन्स लीग. खेळाडू कितीही मोठा असो, ड्रेसिंग रूममध्ये शब्द एकाचाच चालला पाहिजे.

पुण्यातला_सोलापूरकर

फर्ग्युसनचं उदाहरण द्यायचं तर पूर्ण द्या. फेब्रुवारी २००३ मध्ये आर्सेनलकडून एफए कपची मॅच हरल्यावर त्याने ड्रेसिंग रूममध्ये पडलेला बूट लाथाडला, तो बेकहॅमच्या डोळ्याच्या वर लागला. यात शिस्त कुठली? आणि नियम सगळ्यांना सारखा म्हणता, तर जानेवारी १९९५ घ्या. युनायटेडच्याच कँटोनाने क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर प्रेक्षकात उडी मारून लाथ घातली. आठ महिन्यांची बंदी. फर्ग्युसनने त्याला विकलं नाही, उलट तो क्लब सोडून जाईल या भीतीने त्याची समजूत काढायला पॅरिसला गेला. १९९६ ला त्याच कँटोनाच्या जिवावर लीग आणि एफए कप दोन्ही आले. म्हणजे फर्ग्युसन नियम बघत नव्हता, माणूस बघत होता.

आता माझं सांगतो. दहावीत असताना आम्ही एक मॅच हरलो. माझ्या पायातून बॉल निसटला आणि गोल झाला. आमच्या सरांनी अख्ख्या टीमसमोर, समोरच्या शाळेची पोरं ऐकतायत अशा आवाजात मला सांगितलं, ‘बापासारखा माग चालव जा, बॉल तुझं काम नाही.’ माझे वडील पॉवरलूमवर होते. त्यांच्या कष्टावर आमचं घर चालायचं. मला दहा मॅच बेंचवर बसवलं असतं तरी मी बसलो असतो, पन्नास राऊंड मारले असते. पण त्या दिवशी घरी येऊन स्टड माळ्यावर टाकले आणि पुन्हा काढले नाहीत. वडिलांना कारण कधीच सांगितलं नाही.

म्हणून मला शिस्तीच्या गप्पांमध्ये आधी एवढंच ऐकायचं असतं की सर काय बोलले, आणि कुणासमोर बोलले.

सेंटरहाफ_सोलापूर

दादा, तुमच्या बाबतीत झालं त्याला मी शिस्त म्हणणार नाही, तो नीचपणा आहे. पण त्याची सावली प्रत्येक कडक सरांवर पाडू नका. इथे सरांनी बेंचवर बसवलं. त्यांच्या अधिकारातलं काम केलं.

अक्का_जुळे_सोलापूर

मी त्या दिवशी ग्राऊंडवर होते, माझा मुलगा त्याच टीममध्ये डिफेन्सला खेळतो. तुम्ही अर्धंच सांगितलंत. तो मुलगा मंद्रूपकडून एसटीने येतो. रविवारी गाडी मिळाली नाही, म्हणून मामांना उठवून त्यांच्या गाडीवर आला. बूट हातात घेऊन पळत आला होता. सरांनी त्याला ‘का उशीर झाला’ हा एक प्रश्न विचारला नाही. समोरची टीम, पंच, आम्ही चार-पाच पालक, सगळ्यांसमोर ‘हिरो समजतोस का स्वतःला, तुझ्यासारखे छप्पन बघितलेत’ असं सुरू केलं. पोरगं मान खाली घालून उभं. मामा हाफटाइमपर्यंत गप्प होते हेच पुष्कळ झालं.

बेंचवर बसवल्याचं मलाही काही नाही. माझ्या मुलालाही एकदा बसवलं होतं, मी सरांना एका शब्दाने बोलले नाही. पण विचारायला पैसे पडतात का?

सेंटरहाफ_सोलापूर

अक्का, हे मला माहीत नव्हतं आणि ते बोलणं सरांना शोभलं नाही. पण तरी विचारतो. गाडी मिळत नाही हे कळल्यावर कॅप्टनला एक फोन का नाही केला? मोबाईल घरोघरी आहे. उशीर होणं वेगळं आणि न कळवता उशिरा येणं वेगळं. आणि मामांनी हाफटाइमला मुलाला उचलून नेलं, तेव्हा खाली राहिलेल्या टीमचं काय? दुसऱ्या हाफला सर त्याला उतरवणार होते की नाही, हे कळायलाच वाव ठेवला नाही.

गनर_सातरस्ता

उशिराचाच विषय आहे तर ऑबामेयांगचं बघा. मार्च २०२१, टॉटनहॅमविरुद्धची मॅच. आर्सेनलचा कॅप्टन स्वतः उशिरा आला. कोच आर्टेटाने बाहेर बसवला आणि टीम २-१ ने जिंकली. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डिसेंबर २०२१ ला तो परवानगी घेऊन फ्रान्सला आजारी आईसाठी गेला आणि परत यायला उशीर झाला. आर्टेटाने कॅप्टनशिप काढून घेतली. परत त्या शर्टात तो खेळलाच नाही, बार्सिलोनाला गेला.

मी आर्सेनलचा कट्टर आहे, आणि पहिल्या वेळी आर्टेटाच्या बाजूने होतो. दुसऱ्या वेळी मला पटलं नाही, आजही पटत नाही. गोल मारणारा माणूस घालवला आणि त्या सीझनला आम्ही पाचवे आलो, चॅम्पियन्स लीग हुकली.

लाल_सैतान

आणि पुढच्या सीझनला दुसरे आलात. तेव्हाच्या तरण्या पोरांना कळलं की इथे कॅप्टनलाही सूट नाही. हे का सोडायलास?

गनर_सातरस्ता

दुसरे आलो ते जेझुस आणि झिंचेन्को आले, ओडेगार्ड-साका मोठे झाले म्हणून. सगळ्याचं श्रेय एका शिक्षेला देऊ नको बे.

करवीरकर

कोल्हापूरवरून लिहितोय. आमच्याकडे पेठांच्या टीम, शाहू स्टेडियम भरलेलं, आणि प्रत्येक प्रेक्षकाला आपण कोच आहोत असं वाटतं. गॅलरीतनं सांगून टीम बदलायला लागली की खेळ संपला, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून मी सरांच्या बाजूने. तालमीत वस्तादाला उलटं विचारतं का कोण? वस्ताद म्हणाला जोर मार, की मारायचे.

पुण्यातला_सोलापूरकर

वस्ताद पोराला खुराकही घालतो. त्याच्या घरी पीठ आहे की नाही हे त्याला ठाऊक असतं.

शिट्टी_आणि_वही

मी या जिल्ह्यात शाळेत खेळाचा शिक्षक आहे, वीस वर्षं उलटून गेली. दोन्हीकडचं वाचलं. थोडं लांब लिहितो.

बाहेरून दिसतं तेवढं सोपं नाही हे काम. एका शिक्षकाकडे कबड्डी, खो-खो, फुटबॉल, ॲथलेटिक्स सगळं असतं. मार्चनंतर उन्हामुळे प्रॅक्टिस सकाळी लवकर उरकावी लागते, म्हणून वेळेचा आग्रह. त्यात दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी ‘नुसतं टीममध्ये नाव घाला’ म्हणणारे पालक दारात उभे. अशा वेळी एकाला सूट दिली की दुसऱ्या दिवशी पाच जण येतात. तेव्हा सातचा नियम मोडला तर बेंच, हे मीही करतो आणि करत राहीन.

पण ओरडण्याचं समर्थन मी करणार नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ : शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई. आमच्यातल्या अनेकांना पहिला अर्धा भाग पाठ आहे, दुसरा नाही. छडी सोडली म्हणजे झालं असं वाटतं, आणि जीभ तशीच चालू राहते.

मोठ्या लोकांनाही हे महागात पडलंय. २०२२ च्या वर्ल्डकपनंतर मँचेस्टर सिटीच्या कोचने, गार्डिओलाने, आपल्याच टीममधल्या केल्विन फिलिप्सचं वजन वाढलंय असं पत्रकारांसमोर सांगितलं. फिलिप्सचा आत्मविश्वास खचला, हे त्याने पुढे स्वतः बोलून दाखवलं. २०२४ मध्ये गार्डिओलाने त्याची जाहीर माफी मागितली. मुद्दा खरा होता की खोटा हा प्रश्नच नाही. तेच दार लावून सांगता आलं असतं.

मी काय करतो ते सांगतो. हजेरीची वही कॅप्टनकडे. उशीर होणार असेल तर कॅप्टनला कळवायचं. उशिरा आलेल्याला मी आल्या आल्या एकच विचारतो, ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ उत्तर काहीही असो, पहिला हाफ बेंच. बोलायचं ते सोमवारी, स्टाफरूमच्या बाहेर, दोघांनीच. पालकांनी मॅच चालू असताना दोरीच्या आत यायचं नाही, हे वर्षाच्या सुरुवातीलाच सांगतो. मामांचं येणं मला अजिबात मान्य नाही. त्या पोराला सरांच्या बोलण्याने लागलं असेल तेवढंच सगळ्यांसमोर उचलून नेल्यानेही लागलं असेल.

अशोकचौक_अण्णा

लंडन-मँचेस्टर पुरे झालं, आपल्या देशातलं सांगतो. १९९७ च्या फेडरेशन कपची सेमीफायनल, सॉल्ट लेक स्टेडियम, लाखावर माणूस. मोहन बागानचे कोच अमल दत्ता. फार अभ्यासू माणूस, त्यांच्या डायमंड सिस्टीमची, म्हणजे खेळाडू हिऱ्याच्या आकारात मांडायच्या पद्धतीची, तेव्हा देशभर चर्चा होती. मॅचच्या आधी त्यांनी ईस्ट बंगालच्या भुतियाची आणि इतरांची नावावरून जाहीर टिंगल केली. ईस्ट बंगालचे कोच पी. के. बॅनर्जी. पोरांचं मन पेटवण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. ईस्ट बंगालने ४-१ ने मॅच मारली, भुतियाची हॅटट्रिक. दुसऱ्याच्या पोरांची केलेली चेष्टासुद्धा अशी अंगाशी येते, मग आपल्या पोरांची केल्यावर काय होईल?

आणि आमच्या हैदराबादचे रहीम साहेब. आम्ही पद्मशाली माणसं, आमचं गोत तिकडचं, म्हणून घरात त्यांचं नाव लहानपणापासून ऐकलं. मूळचे शाळामास्तर. शिस्त कडक. १९६२ च्या जकार्ता एशियन गेम्सला ते भारताचे कोच, आणि त्यांना कॅन्सर झालेला होता. जर्नैलसिंगच्या डोक्याला जखम झालेली, बचाव करणारा खेळाडू, त्याला त्यांनी पुढे फॉरवर्डला खेळवलं. फायनलला दक्षिण कोरियाला २-१ ने हरवलं, एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नैलसिंगचा. पुढच्याच वर्षी साहेब गेले. डोक्याला पट्टी असलेला गडी ज्या कोचसाठी मैदानात उतरतो, त्या कोचने आधी त्याच्यासाठी काहीतरी केलेलं असतं.

डावी_विंग

कोचच्या स्वतःच्या शिस्तीचं पण बोला की. २०२३ च्या सॅफ स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध आपण पुढे होतो. आपले तेव्हाचे कोच स्टिमाच, त्यांनी थ्रो घेणाऱ्या पाकिस्तानी खेळाडूच्या हातातनं बॉल उडवला, रेड कार्ड. काही दिवसांत कुवेतविरुद्ध परत रेड कार्ड. असा कोच उद्या खेळाडूला ‘डोकं शांत ठेव’ कोणत्या तोंडाने सांगणार? मी कॉलेजला खेळतो. आम्हाला वेळेवर बोलावून स्वतः अर्ध्या तासाने येणारे कोच आम्ही बघितलेत.

लाल_सैतान

सगळं मान्य केलं तरी एक सांगा. खेळाडूंच्या कलाने घ्यायला लागलं की काय होतं? २०१० चा वर्ल्डकप. फ्रान्सच्या आनेल्काने हाफटाइमला कोच डोमेनेकला शिव्या घातल्या, त्याला घरी पाठवलं. तर अख्खी फ्रान्सची टीम प्रॅक्टिसला नाही म्हणून बसमध्ये जाऊन बसली. ग्रुपमध्येच बाहेर.

शिट्टी_आणि_वही

त्याच प्रसंगात खेळाडूंचं निषेधाचं पत्रक पत्रकारांसमोर वाचून दाखवलं ते डोमेनेकनेच. त्या खेळाडूंच्या मनातून तो आधीच उतरला होता. ज्या कोचला कुणी मोजत नाही त्याने दिलेली योग्य शिक्षाही पेटते. आनेल्काला परत पाठवणं चूक नव्हतं.

अक्का_जुळे_सोलापूर

तुमच्या चर्चेत तो मुलगा बाजूलाच राहिला. बुधवारपासून प्रॅक्टिसला आलेला नाही. सर म्हणतात मामांनी येऊन माफी मागावी, मामा म्हणतात सरांनी आधी बोलावावं. माझा मुलगा रोज विचारतो, तो कधी येणार. पुढच्या रविवारी मॅच आहे.

सेंटरहाफ_सोलापूर

मग असं करा अक्का. सरांनी मुलाला फोन करावा, मामांना नाही. वयाने, मानाने मोठे तेच आहेत, त्यांनी फोन केल्याने त्यांचं काही कमी होत नाही. मामांनी मॅचच्या दिवशी दोरीबाहेर उभं राहावं. पण सातचा नियम सातचाच. आणि पुढच्या रविवारी सुरुवात त्या बदली पोरानेच करावी. स्ट्रायकर दुसऱ्या हाफला.

पुण्यातला_सोलापूरकर

फोनचं पटलं. शेवटचं नाही. शिक्षा एकदा भोगून झाली, दुसऱ्यांदा कशाची?

सेंटरहाफ_सोलापूर

ही शिक्षा नाही दादा. त्या दुसऱ्या पोराने पहिल्या हाफला जीव तोडून पळापळ केली, ते मी बघितलंय. त्याची जागा त्याने कमावली आहे.