कर्ज बाकी असलेली जुनी गाडी थेट मालकाकडून घेतेय. पैसे कुणाला आणि कधी द्यायचे?

रानजाई:
नमस्कार मंडळी. आयुष्यातली पहिली गाडी घेतेय, तीही सेकंड हँड. मध्ये डीलर नाही, थेट मालकाकडूनच. गाडी मनात भरली आहे. सर्व्हिसिंगची बिलं फाइलला नीट लावलेली, चालवून पाहिली तेव्हा कुठे खडखड नाही, माणसंही सभ्य वाटली.

घोडं अडलंय ते पैशांपाशी. गाडीवर बँकेचं कर्ज आहे, काही हप्ते शिल्लक आहेत. आरसी वडिलांच्या नावावर, पण सगळी बोलणी मुलगा करतोय. तो म्हणतो, "पूर्ण रक्कम माझ्या खात्यात टाका, मी त्यातून कर्ज फेडतो. बँकेची एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं आणि हरकत नसल्याचं पत्र, आली की गाडी तुमच्या नावावर करू. तोवर गाडी आजच घेऊन जा." शिवाय दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणे, म्हणून उद्यापर्यंत टोकन मागतोय.

घरचे म्हणतात, गाडी लगेच ताब्यात मिळतेय, मग घेऊन टाक. माझं मन मात्र तयार होत नाही. हे पैसे मी फार काटकसरीने साठवलेत. असा व्यवहार नेमका कसा करतात?

दत्तू_स्पॅनर:
ताई, पैशांचं जाणकार सांगतीलच, मी गाडीचं सांगतो. परत बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगून ठेवा की इंजिन चालू करू नका. गेल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवा. गरम लागलं तर त्या दिवशी माघारी या. गार इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे बोलतं ते गरम झाल्यावर लपतं. सायलेन्सरमधून निळसर धूर आला म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही येत राहिला तर कूलंट आत शिरत असण्याची शक्यता आहे.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पुराच्या पाण्यात राहिलेल्या गाडीची सीट कव्हरं बदलतात, पण बेल्टच्या आतल्या टोकाला मातीची रेघ राहून जाते. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. कमी चाललेली गाडी म्हणून सांगतायत आणि चारही टायर गाडीपेक्षा बरेच नवे असतील, तर किलोमीटरचा आकडा बिलांशी ताडून बघा.

स्कॅनर लावणारा मेकॅनिक सोबत न्या. डॅशबोर्डवरचे दिवे विझवायला कुणी एरर पुसल्या असतील तर गाडीच्या आतल्या काही चाचण्या 'अपूर्ण' दिसतात. गाडी पुरेशी चालल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. मालकाने कालच काहीतरी पुसलं का, ते तिथे कळतं.

कर्जविभाग_निवृत्त:
रानजाई ताई, तुमचं मन तयार होत नाही ते योग्यच आहे. माझी नोकरी वाहनकर्जाच्या टेबलावर गेली. अशा व्यवहारात रडत आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि तुम्ही त्यांच्यात नसाव्यात म्हणून सविस्तर लिहितो.

ज्याचा गाडीवर हक्क आहे, पैसा त्याच्याकडे जायला हवा. आज त्या गाडीवर दोघांचा हक्क आहे: कर्ज संपेपर्यंत बँकेचा, आणि आरसीवर नाव असलेल्या वडिलांचा. मुलाचा काहीच नाही. मुलगा प्रामाणिक असेलही, पण त्याच्या खात्यात गेलेली रक्कम कर्जखात्यात पोचली नाही तर बँक तुम्हाला ओळखत नाही. हप्ते थकले की वसुलीची माणसं गाडी शोधत येतील आणि ती तुमच्या दारात उभी असेल.

तेव्हा वडिलांना भेटा. त्यांच्या तोंडून ऐका की गाडी विकायची आहे. त्यांच्या ओळखपत्रावरचं नाव आणि आरसीवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का पाहा. मग आरसी हातात धरून गाडीवर कोरलेला चासी नंबर वाचा. तो सतरा अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण एक आणि शून्याशी गल्लत होते. आकड्यांभोवती घासल्याची किंवा नव्या रंगाची खूण दिसली तर तिथूनच परत फिरा.

आता कर्ज. वडिलांना बँकेकडून फोरक्लोजर लेटर काढायला सांगा. त्यात मुद्दल, त्या तारखेपर्यंतचं व्याज, मुदतीआधी फेडण्याचा काही आकार असेल तर तो, आणि पुढच्या प्रत्येक दिवसाचं व्याज लिहिलेलं असतं. ते पत्र ठरावीक तारखेपर्यंतच चालतं. तेवढी रक्कम तुम्ही स्वतः थेट त्या कर्जखात्यात भरा, शाखेत, वडील शेजारी बसलेले असताना, आणि पोचपावती तुमच्याकडे ठेवा.

एक गोष्ट फार कमी लोक विचारतात. वडिलांचं त्याच बँकेत दुसरं कर्ज किंवा कार्डाची थकबाकी असेल, किंवा ते कुणाला जामीन राहिले असतील, तर गाडीचं कर्ज संपूनही बँक एनओसी अडवून धरू शकते. "हे खातं बंद झालं की एनओसी मिळेल ना, दुसरं काही आडवं येणार नाही ना?" हे पैसे भरण्याआधी शाखेतून लेखी घ्या.

कर्ज फिटल्यापासून एनओसी येईपर्यंतचा काळ तुमच्यासाठी सगळ्यात नाजूक. म्हणून उरलेली सगळी रक्कम एकदम देऊ नका. शाखेतच वडिलांच्या सह्या हस्तांतराच्या कागदांवर घ्या, त्यांना काही भाग द्या, आणि डोळ्यांत भरेल एवढा भाग एनओसी हातात येईपर्यंत राखून ठेवा. हे ठरलेलं कागदावर असू द्या, दोघांच्या सह्यांनिशी. सरळ विक्रेता याला नाही म्हणत नाही.

टोकन द्यायचं तर लहान द्या, तेही वडिलांच्या खात्यात, आणि पावतीवर लिहून घ्या की मेकॅनिकने गाडी नापास केली किंवा कागद जुळले नाहीत तर टोकन परत. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या घाईला भुलू नका. गाडी हातची गेली तर दुसरी मिळेल.

रानजाई:
काका, मनापासून आभार. तुमचं वाचून आज वडिलांशीच फोनवर बोलले. कर्ज नक्की किती उरलंय ते त्यांना माहीत नव्हतं, सगळं मुलगा बघतो म्हणाले. शाखेत यायला मात्र लगेच तयार झाले. मुलगा थोडा नाराज दिसतोय. आता दोन शंका आहेत. गाडी आधी ताब्यात घ्यायची की नाही? आणि वडिलांची रक्कम ड्राफ्टने देऊ की ट्रान्सफरने?

पावती_जपून_ठेवा:
ताब्याचं मी सांगते, कारण आमच्या घरी हा प्रसंग झाला आहे. भावाने गाडी विकली, घेणाऱ्याने महिनोन् महिने नावावर केली नाही, आणि एका अपघाताची नोटीस भावाच्या नावाने आली. डिलिव्हरी नोटवर, म्हणजे गाडी ताब्यात दिल्याच्या कागदावर, तारखेसोबत वेळही, तास-मिनिटांसकट लिहिलेली होती म्हणून तो सुटला. ती तुम्हीही लिहा. त्यात किलोमीटरचा आकडा आणि किती किल्ल्या मिळाल्या तेही टाका. दुसरी किल्ली "सापडत नाही, नंतर देतो" असं म्हणाले तर सापडेपर्यंत थांबा.

विम्याचं विसरू नका. पॉलिसी वडिलांच्या नावावर असताना तुम्ही गाडी चालवली आणि काही झालं तर क्लेमला अडचण येऊ शकते. "आजच घेऊन जा" ऐकायला छान आहे, पण विमा कंपनीशी बोलल्याशिवाय चावी फिरवू नका.

कर्जविभाग_निवृत्त:
वरच्या ताईंशी पूर्ण सहमत. कर्ज फिटलं, वडिलांच्या सह्या झाल्या आणि विम्याचं मार्गी लागलं की गाडी तुमच्याकडेच आणा. मूळ कागद आणि दोन्ही किल्ल्यांसकट ती तुमच्या ताब्यात असली की एनओसीची वाट पाहणं सोपं जातं.

ट्रान्सफर बरी. आधी अगदी किरकोळ रक्कम पाठवा, वडिलांना त्यांच्या खात्यात ती दिसली का विचारा, मगच मोठी. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट दोन्ही बाजूंना पुरावा मानू नका, खात्याचा उतारा पाहा. ड्राफ्टच हवा म्हणाले तर तो तुमच्या शाखेत त्यांच्या समोर काढा, म्हणजे खरा की खोटा ही शंका त्यांनाही राहणार नाही. रोख नको. मुलाच्या नाराजीचं मनावर घेऊ नका, पण शाखेत त्यालाही बोलवा. बाकीचा हिशेब त्याच्या देखत झालेला चांगला.

रानजाई:
ठरलं. फोरक्लोजर लेटरसाठी वडील उद्या अर्ज देतायत. दत्तूदादा, स्कॅनरवाला मेकॅनिक मिळालाय, गाडी गार असतानाच बघायला जातोय. काय निघतं ते इथे लिहिते.