दगड खदानीतील पेशगी आणि परदेशी ग्राहकाचे हमीपत्र : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

ग्वाल्हेरजवळ आमचे दगड कापण्याचे छोटे युनिट आहे. शिवपुरी आणि घाटीगावकडचा वालुकाश्म आणून फरश्या कापणे, कडा हाताने छिनून घेणे आणि लाकडी क्रेट भरून निर्यातदाराकडे पाठवणे एवढेच आमचे काम. माल पुढे इंग्लंडमध्ये घरांच्या अंगणांत बसवला जातो. आजवर ग्राहकाचे प्रश्न जाडी, रंग आणि तूटफूट यांपलीकडे गेले नव्हते. या वेळी निर्यातदाराने एक लांबलचक प्रश्नावली पाठवली असून, आमच्या संपूर्ण पुरवठा साखळीत वेठबिगारी, सक्तीचे श्रम किंवा बालमजुरी कोठेही नाही, अशा आशयाच्या हमीपत्रावर सही करण्यास सांगितले आहे.

यामागचे कारण समजण्यासारखे आहे. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्यातील कलम ५४ नुसार ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक वार्षिक उलाढाल असणाऱ्या कंपन्यांना या विषयावर दरवर्षी निवेदन प्रसिद्ध करावे लागते. आमच्यासारख्यांना हे कलम लागू नाही, पण मोठा ग्राहक आपली जबाबदारी पायरीपायरीने खाली उतरवतो आणि ती अखेर आमच्यापर्यंत येते.

आमच्या शेडपुरते मी डोळे मिटून लिहून देऊ शकतो. हजेरीपट रोज भरला जातो, पगार बँकेत जातो, कोणाचेही आधार कार्ड आमच्या कपाटात नाही. अडचण शेडच्या फाटकाबाहेर सुरू होते. आम्ही दगड खदानीचा भाडेपट्टा असलेल्या पट्टेदाराकडून घेतो, पट्टेदाराने खदान ठेकेदाराला चालवायला दिलेली असते, आणि ठेकेदार जमादारामार्फत मजूर आणतो. त्यांत बरीचशी सहरिया आदिवासी कुटुंबे आहेत. मजुरी नगावर ठरते आणि हंगामाच्या सुरुवातीला पेशगी, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली जाते.

प्रश्नावली भरण्याच्या निमित्ताने ठेकेदाराची वही पाहायला मिळाली. नाव, पेशगी, कट (कपात), बाकी असे चार रकाने होते. एका ओळीत एकाच पुरुषाचे नाव, पण काम मात्र तो, त्याची बायको आणि थोरला मुलगा असे तिघांचे. त्यामुळे प्रत्येकाला दिवसाला काय पडले, हे त्या वहीवरून कळणे अशक्यच. त्याहून खटकलेली गोष्ट अशी की पावसाळ्यात खदानीत पाणी भरून काम बंद असते तेव्हा राशनपाण्यासाठी दिलेली खर्ची त्याच बाकीत चढवली जाते, आणि आजारपण आले की औषधाचे पैसेही. हंगामभर खपूनही काही ओळींतली बाकी आधीपेक्षा मोठी झालेली दिसली. ठेकेदार म्हणाला, "साहेब, पेशगी दिली नाही तर माणूस येतच नाही." त्याचे म्हणणे खोटे आहे असेही मला वाटत नाही.

कायदा जमेल तितका वाचला. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने वेठबिगारीचे कर्ज फेडण्याचे दायित्वच संपुष्टात आणले आहे आणि मजुराला त्यात अडकवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या असल्या तरी हा कायदा त्यांत विलीन झालेला नाही. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हे संविधानाच्या अनुच्छेद २३ खाली सक्तीचे श्रम ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात म्हटले आहे. मग नगावरची मजुरी माणशी मोजली आणि ती किमान वेतनाखाली निघाली, तर पेशगीचा विषय बाजूला ठेवला तरी आम्ही अडचणीत येतोच.

म्हणून जाणकारांना विचारायचे आहे की हमीपत्राऐवजी काय लिहून द्यावे. नुसती पेशगी आणि वेठबिगारी यांतली सीमारेषा प्रत्यक्षात कशी ओळखावी. आणि वर्षाला मोजकेच ट्रक घेणाऱ्या आमच्यासारख्याने ठेकेदारावर वजन कशाच्या बळावर टाकावे. त्या खदानीचा माल बंद करणे हा सर्वांत सोपा उपाय आहे, पण त्याने मजुराची बाकी कमी होणार नाही, हेही दिसते आहे.

— लष्करवासी

प्रतिसाद

लष्करवासी, कामगार प्रश्नांवर काही वर्षे काम केल्यामुळे लिहितो आहे.

त्या हमीपत्रावर सही करू नका. आपण ज्या कलमाचा उल्लेख केला आहे ते गुलामगिरी नसल्याची हमी मागतच नाही. कोणती पावले उचलली ते सांगा, किंवा काहीच उचलली नसतील तर तसे सांगा, एवढेच ते म्हणते. तेव्हा शेडमध्ये काय तपासले, खदानीपर्यंत कोठवर पोहोचलो, वहीत काय आढळले आणि येत्या वर्षात काय करणार, असे दोन पाने लिहून द्या. प्रामाणिक निवेदन नाकारून कोरी हमी मागणारा ग्राहक उद्या प्रसंग आला की सगळे आपल्यावरच ढकलील, हे धरून चाला.

सीमारेषेबद्दल. पेशगी घेणे हा गुन्हा नाही. तिच्या बदल्यात मजुराला नाममात्र मजुरीवर राबावे लागते का, दुसरीकडे काम धरता येते का, हवे तेथे जाता येते का, आपला माल किंवा श्रम बाजारभावाने विकता येतो का, हे कायदा पाहतो. खदानीवर हे विचारण्याचा सोपा मार्ग म्हणजे, बाकी शिल्लक असताना कोणी काम सोडून गेले आहे का आणि गेला तर पुढे काय झाले, असे विचारणे. दुसरी खूण त्याहून महत्त्वाची आहे. नवा ठेकेदार जुन्याची बाकी चुकती करून माणूस आपल्याकडे आणतो तेव्हा व्यवहार दोन ठेकेदारांत होतो आणि हलतो मजूर. वहीत अशी "वळती" बाकी दिसली, तर ती नुसती पेशगी समजू नका. चौकशीला जाल तेव्हा ठेकेदाराला बरोबर घेऊ नका. शक्यतो गावात, कामाच्या वेळेबाहेर बोला, आणि बायकांशी बोलायला एखादी स्त्री सोबत असू द्या. मोबाईलने फोटो काढत फिरू नका.

वजन टाकण्याचे म्हणाल तर आधी स्वतःच्या बिलाकडे पाहावे लागेल. निर्यातदार आपल्याला उधारीवर ठेवतो, आपण पट्टेदाराला, आणि शेवटी रोख लागते ती फक्त मजुराला. ती पेशगी होऊन येते. आपण माल उचलताच पैसे देत असाल, तर त्याबदल्यात अटी घालता येतात. प्रत्येक प्रौढ मजुराचे नाव वेगळ्या ओळीत असावे, मजुरी त्याच्या किंवा तिच्या स्वतःच्या खात्यात जावी, कपातीला मर्यादा असावी, पेशगीवर व्याज नसावे, पावसाळ्याची खर्ची मजुराच्या बाकीत न चढवता ठेकेदाराने सोसावी, आणि बाकी असली तरी काम सोडण्याची मुभा आहे हे मजुरांना वाचून दाखवावे. दगडाचा भाव थोडा वाढवून द्यावा लागेल. तो न देता या अटी घातल्या तर दोन वह्या तयार होतील, एक आपल्याला दाखवायची आणि एक खरी. आणि त्या थोरल्या मुलाचे वय मात्र ताबडतोब पाहा. अठरा वर्षांखालील व्यक्तीला खाणीत कामाला लावता येत नाही, तेथे टप्प्याटप्प्याने सुधारणा हा मुद्दाच उरत नाही.

कोणाला अडवून ठेवल्याचे दिसले तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी कळवा; १९७६ च्या कायद्याची अंमलबजावणी त्यांच्याकडे असते आणि जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्यांची तरतूद आहे. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच. मात्र वेठबिगारीतून सुटकेचे प्रमाणपत्र मजुराच्या हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. केंद्राच्या २०१६ च्या पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख, आणि अत्यंत गंभीर प्रकरणांत ३ लाख रुपये आहेत, पण कागदाशिवाय त्यांतले काही हाती लागत नाही. मध्य प्रदेश सरकारविरुद्धच्या १९८४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुटकेइतकाच जोर पुनर्वसनावर दिला होता, तो याच कारणाने: उपाशी सुटलेला माणूस पुन्हा पेशगी घेतो.

लष्करवासी

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. दोन पानांचे निवेदन या आठवड्यात लिहायला घेतो. थोरल्या मुलाच्या वयाबद्दल पट्टेदाराला आजच लेखी विचारले असून उत्तर येईपर्यंत त्या खदानीची नवी ऑर्डर थांबवली आहे. जुन्या मालाचे पैसे मात्र लगेच चुकते करत आहोत. वळती बाकीबद्दल वाचल्यावर वहीतल्या काही ओळींचा अर्थ आता वेगळा लागतो आहे. पावसाळ्याची खर्ची बाकीत न चढवण्याची अट कोणी प्रत्यक्ष करारात घातली असल्यास, तिची शब्दरचना कशी केली आणि ठेकेदाराने ती कितपत पाळली, हे कृपया येथे लिहावे.